वनस्पतींच्या तेलाने विंचू पळतो, तेव्हा त्याच्या चेतापेशींत नेमकं काय होतं?

रानवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

घरामागे दगडांचा बांध आहे आणि त्याला लागून झुडपं. महिन्याभरात घरात चार विंचू निघाले. शेवटचा मुलीच्या बुटात होता. ती पाच वर्षांची आहे. त्या दिवसापासून मी रात्री दोनदा उठून तिचं अंथरूण झटकते.

विंचू मारत सुटायचं मनाला पटत नाही, म्हणून रोधक शोधत होते. पुदिना, देवदार, सिट्रोनेला, लवंग, निलगिरी अशी तेलं एकत्र केलेली एक बाटली मिळाली. तिच्यावर लिहिलंय, 'विंचवाच्या चेतासंस्थेवर थेट परिणाम करते, तरीही संपूर्ण नैसर्गिक आणि सुरक्षित.' या वाक्यावर मी अडकले. थेट परिणाम म्हणजे त्याला वास नकोसा होऊन तो मागे फिरतो, की त्याच्या नसांना इजा होते? आणि इजा होत असेल तर नसा माझ्या मुलीलाही आहेतच की.

जाणकारांनी सविस्तर लिहावं. घाई नाही, पण कुतूहल आणि काळजी दोन्ही भरपूर आहे.

पिंपळपान
पुदिन्याचं तेल पाण्यात घालून आम्ही उंबऱ्यावर फवारायचो. आठवडाभर एकही दिसला नाही. मग एक दिसला, तो नेमका फवारणीच्या बाटलीमागे. तेव्हापासून माझा विश्वास उडालाय.

तिसरा_प्रहर
रानवाट ताई, आधी मोजणी करा. अतिनील टॉर्च घ्या आणि अंधार पडल्यावर दीड-दोन तासांनी भिंतीकडेने फिरा. विंचवाच्या कवचातली काही रसायनं या प्रकाशात हिरवट-निळी चमकतात, चार-पाच हातांवरूनही दिसतात. नुकतीच कात टाकलेला मात्र चमकत नाही, कवच कडक होत जातं तशी चमक येते. किती आहेत आणि कुठून येतात हे कळल्याशिवाय तेल लागू पडलं की नाही हे कसं ठरवणार?

भिंगरी
टॉर्चला अनुमोदन. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एकाच दगडावर तीन चमकले. भीती वाटली, पण फार सुंदर दृश्य होतं ते.

कणकण
विद्यार्थी असताना दोन वर्षं विंचवांच्या संवेदकांवर काम केलं आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही. जरा लांबेल.

विंचवाला मिशा नसतात. कीटक वास घेतो तो मुख्यतः मिशांनी. विंचवाच्या पायांवर आणि चिमट्यांवर रसायनं ओळखणारे केस असतात, पण त्याचा खरा खजिना पोटाखाली असतो. मागच्या पायांच्या जोडीमागे दोन कंगवे लोंबतात, त्यांना पेक्टीन म्हणतात. जगात दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला हा अवयव नाही. चालताना विंचू हे कंगवे जमिनीवर टेकवत, उचलत जातो. कंगव्याच्या प्रत्येक दात्याच्या खालच्या अंगाला शेकडो अतिसूक्ष्म खुंट्या दाटीने उभ्या असतात. खुंटीच्या टोकाला चिरेसारखं छिद्र आणि आत दहा-बारा किंवा त्याहूनही जास्त चेतापेशी. त्यातली एक स्पर्श ओळखते, बाकीच्या रसायनं. नराचे कंगवे मादीपेक्षा मोठे असतात, कारण मादीने जमिनीवर सोडलेला माग तो त्यांनीच काढतो.

या खुंटीच्या बुडाशी केसाहून बारीक टंगस्टनची तार खुपसली की आतल्या चेतापेशींचे विद्युत स्पंद पडद्यावर दिसतात. ध्वनिवर्धकाला जोडले तर तडतड ऐकूही येते, गरम तव्यावर मोहरी फुटावी तशी. समोर काही नसतानाही ती संथपणे चालूच असते. मग एखाद्या रसायनाची झुळूक सोडायची. तडतड वाढते, मंदावते किंवा पार थांबते. १९९७ साली डग्लस गॅफिन आणि फिलिप ब्राउनेल या संशोधकांनी या खुंट्या अल्कोहोल, अल्डिहाइड, कीटोन, एस्टर अशा उडून जाणाऱ्या संयुगांना जवळून प्रतिसाद देतात हे दाखवलं. वनस्पतींच्या सुगंधी तेलांत मुख्यतः याच कुळांतली संयुगं आणि टर्पीन असतात. म्हणजे विंचवाला ही तेलं 'जाणवण्याची' यंत्रणा नक्कीच आहे.

त्याच दोघांनी आणखी एक गोष्ट दाखवली, तिने मी तेव्हा भारावून गेलो होतो. एकाच खुंटीतल्या चेतापेशी एकमेकींशी बोलतात. एक पेटली की शेजारची काही क्षण दबते. म्हणजे निरोप मेंदूपर्यंत पोचण्याआधीच खुंटीत थोडा विचार होऊन जातो!

झुळूक
फार छान समजावलंत. पण तडतड वाढली म्हणजे विंचवाला आवडलं की नावडलं, हे कसं कळतं?

कणकण
झुळूक, ते तडतडीवरून कळतच नाही. आणि ताईंच्या बाटलीवरचं वाक्य नेमकं इथेच घसरतं.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विंचवाला रसायन जाणवणं ही एक. जाणवल्यावर ते टाळावंसं वाटणं ही दुसरी. आणि रसायनाने चेतापेशी बधिर होणं किंवा बिघडणं ही तिसरी. स्पंद वाढले तर ती पहिली असू शकते. स्पंद थांबले तर पहिलीही असू शकते आणि तिसरीही. कारण तेल खुंटीच्या छिद्रातून आत शिरून चेतापेशीच्या आवरणातच मिसळलं, तरी तडतड थांबतेच. ओळखायचं असेल तर झुळूक बंद करून वाट पाहावी लागते. काही सेकंदांत पूर्वीची लय परत आली तर ती संवेदना. अर्ध्या तासानेही आली नाही तर पेशीला इजा झाली असणार. मात्रा दहापट, शंभरपट कमी करूनही पाहावं लागतं. भरपूर ओतलं की कुठलंही तेल काहीतरी करतंच.

दुसरी गोष्ट, म्हणजे टाळणं, तडतडीत दिसतच नाही. त्यासाठी जिवंत विंचवाला मोकळं सोडून तो काय करतो ते बघायला हवं.

माचीवरचा
मला हे उगाच गुंतागुंतीचं केल्यासारखं वाटतंय. सिट्रोनेलाने डास पळतात, हे सगळे मानतात. डासही सहा-आठ पायांचा, विंचूही. डासावर चालतं ते विंचवावर चालेलच.

गंधवेडी
माचीवरचे दादा, इथे मी असहमत. सुगंधी रसायनं हा माझा रोजचा व्यवसाय आहे, म्हणून लिहिते. (पाय मोजायचे तर डासाला सहा, विंचवाला आठ. हा फरक वाटतो त्यापेक्षा फार जुना आहे.)

डासाच्या मिशांत गंधग्राही, म्हणजे वास ओळखणाऱ्या प्रथिनांचं एक मोठं कुटुंब असतं. ते फक्त कीटकांच्या वंशातच निर्माण झालं. विंचू, कोळी, गोचीड यांच्या शाखेत ते नाहीच, कारण ही शाखा त्याच्या कितीतरी आधी वेगळी झाली. विंचवाचे पूर्वज ४० कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांच्याकडे चवीचे ग्राही आहेत आणि रसायन ओळखताच दारासारखे उघडणाऱ्या आयनमार्गी ग्राहींचा एक जुना गट आहे. त्यामुळे डासाच्या गंधग्राहीला फसवून काम करणारं औषध विंचवाबाबत गैरलागू ठरू शकतं. कुलूपच वेगळं, तर तीच किल्ली का चालावी?

पण काही कुलपं सामायिक आहेत, आणि तुमच्या म्हणण्यात तथ्य सापडलं तर ते तिथे सापडेल. ट्रिपए-१ नावाचा एक आयनमार्ग (विद्युतभारित कण आत सोडणारं पेशीच्या आवरणातलं दार) झोंबणाऱ्या, चुरचुरणाऱ्या रसायनांनी उघडतो. सिट्रोनेलातलं सिट्रोनेलाल तो फळमाशीत आणि डासात उघडतं, हे २०१० साली दाखवलं गेलं. हा आयनमार्ग प्राणिसृष्टीत फार दूरवर पसरलेला आहे, आपल्यातही आहे. मोहरीच्या तेलाची झणझण आपल्याला त्यामुळेच लागते. तो उघडला तर विंचवाला 'वास येतो' असं म्हणण्यापेक्षा 'झोंबतं' म्हणणं बरोबर.

गंधवेडी
वरच्यात राहिलं. रानवाट ताईंचा दुसरा प्रश्न मुलीबद्दल आहे, त्याला ऑक्टोपामीनवरून थोडं उत्तर मिळतं. कीटक आणि त्यांच्या नातलगांत ऑक्टोपामीन साधारण आपल्या अ‍ॅड्रेनालिनसारखी कामं करतं. २००१ साली झुरळांवर झालेल्या कामात लवंगेतलं युजेनॉल या ऑक्टोपामीनच्या यंत्रणेत लुडबुड करतं असं दिसलं. आपल्या शरीरात ऑक्टोपामीन अगदी नगण्य असतं. 'किड्यांवर परिणाम करतं, माणसाला चालतं' या दाव्याचं मूळ बहुधा इथे आहे.

आता उलट बाजू. ओव्यातलं थायमॉल गाबा या शामक रसायनाच्या ग्राहीवरही बसतं, आणि गाबा कीटकांतही आहे, आपल्यातही. सगळीच रसायनं सभ्यपणे फक्त किड्यांपुरती थांबत नाहीत.

माचीवरचा
गंधवेडी ताई, गंधग्राहीचं माहीत नव्हतं. मान्य, डासावरून उडी मारायला नको होती.

सावली
ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी फार जपा. फिनॉल वर्गातली संयुगं यकृतात निकामी करण्याची मांजराची क्षमता खूप कमी असते. लवंग, ओवा, टी ट्री यांची तेलं फरशीवर फवारली की ती पंजाला लागतात आणि चाटताना पोटात जातात. आमची मांजर दोन दिवस लटपटत होती, लाळ गळत होती. वाचली. त्या दोन दिवसांत मी किती रडले ते माझं मला माहीत.

पिंपळपान
सावली, बापरे. बरी आहे ना आता?

सावली
हो, ठणठणीत आहे. घरात तेल मात्र कायमचं बंद.

रातपाळी
मी परिचारिका आहे. सावलीताईंच्या मुद्द्याला जोडून सांगते. लहान मुलांच्या हाताला कापूर किंवा निलगिरीच्या तेलाची बाटली कधीही लागू देऊ नका. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येतात, आणि तेही थोड्या वेळात. 'नैसर्गिक' हा शब्द वाचून बाटली खालच्या फळीवर ठेवली जाते.

आणि विंचू चावलाच, तर जखमेवर तेल चोळू नका, चिरा देऊ नका, करकचून बांधू नका. नुसती वेदना असेल तर तितकी चिंता नाही. पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली की विष हृदयापर्यंत त्रास देतंय असं समजा आणि लगेच रुग्णालय गाठा. मुलांना धोका जास्त, त्यांच्या बाबतीत लक्षणांची वाटच पाहू नका. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध लाल विंचवाच्या दंशात वापरायची वाट डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवली. प्रतिविषासोबत ते दिलं तर रुग्ण लवकर सावरतात, हेही नंतर २०११ सालच्या चाचणीत दिसलं. त्याआधी किती मुलं दगावली असतील, या विचाराने आजही पोटात तुटतं.

निशाचर
अवांतर होतंय, पण चेतापेशींचा विषय निघालाच आहे तर.

विंचवाच्या विषातली बरीच प्रथिनं चेतापेशीच्या सोडियम मार्गावर (सोडियमचे कण आत सोडणाऱ्या दारावर) बसतात आणि तो वेळेत बंद होऊ देत नाहीत. पेशी मग ओरडतच राहते, तीच वेदना. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातून पायरेथ्रिन मिळतं. हे वनस्पतिजन्य कीटकनाशकही सोडियम मार्गच उघडा धरून ठेवतं. बसायची जागा वेगळी, पण डाव तोच! एका झाडाने आणि एका विंचवाने एकमेकांना न भेटता एकच दार शोधून काढलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

अमेरिकेच्या वाळवंटात एक उंदीर आहे, टोळखाऊ उंदीर. तो विंचू खातो. २०१३ साली सापडलं की त्याच्या वेदनावाहक चेतापेशींत एक सोडियम मार्ग असा बदललाय, की विंचवाचं विष त्याला उलट वेदनाशामक ठरतं.

भिंगरी
म्हणजे त्या उंदराला विंचू चावला की आधीचं दुखणं जातं? काय नशीब काढलंय!

तिसरा_प्रहर
पायरेथ्रिनबद्दल एक व्यवहाराचं. विंचवाच्या कवचावर मेणाचा जाड थर असतो, तो पाणी आत राखण्यासाठी. त्यामुळे फवारलेली बरीचशी औषधं आत शिरतच नाहीत. त्यात तो चालताना अंग उचलून धरतो, त्याच्या पायांची टोकं तेवढी औषध लागलेल्या जागेला टेकतात. झुरळ मरतं त्या फवाऱ्यावरून विंचू शांतपणे चालत जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

झुळूक
पण मग कंगवे? ते तर जमिनीला टेकतात. तेलासाठी तीच वाट उघडी नाही का?

कणकण
झुळूक, हा प्रश्न मला प्रयोगशाळेत कुणी विचारायला हवा होता. हो, कवच मेणाने बंद असलं तरी खुंट्यांना छिद्रं ठेवावीच लागतात, नाहीतर त्या चाखणार कशा? म्हणून तेलाचा पहिला परिणाम कुठे दिसायचाच असेल तर तिथे.

आता वागण्याच्या चाचणीबद्दल, कारण बाटल्यांवरचे दावे बहुतेक इथे लंगडे पडतात. एका आयताकृती पेटीत अर्ध्या तळाला तेल लावलेला कागद, अर्ध्याला नुसता द्रावक, म्हणजे तेल ज्यात विरघळवतात तो द्रव, लावलेला. हा नुसत्या द्रावकाचा कागद विसरलात तर विंचू तेलापासून पळाला की त्यातल्या अल्कोहोलपासून, ते कळत नाही. चित्रण अवरक्त कॅमेऱ्याने, कारण उजेडात विंचू दबून बसतो. दोन्ही बाजू दर वेळी अदलाबदल. आणि सगळ्यात मोठी फसगत म्हणजे भिंत. विंचवाला भिंतीला चिकटून चालायची खोड असते. एका कोपऱ्यात तो जाऊन बसला आणि तो कोपरा योगायोगाने बिनतेलाचा निघाला, की आपण आनंदाने 'रोधक प्रभावी' लिहून मोकळे. माझे पहिले तीन महिने असेच फुकट गेले. कागद बदलले, बाजू बदलल्या, तेव्हा त्या वेळच्या माझ्या तेलाचा परिणाम निम्म्याहून कमी उरला. खूप वाईट वाटलं होतं.

बांधावरचा
मी वयाने इथे बहुधा सर्वांत मोठा. तेलाबिलातलं कळत नाही, पण विंचवांसोबत आयुष्य गेलंय. विंचू घरात येतो तो किड्यांमागे आणि आडोशासाठी. रानवाट, पोरी, भिंतीला टेकून ठेवलेली लाकडं, विटा, पोती आधी हलव. दाराखालची फट बुजव. रात्रभर जळणारा बाहेरचा दिवा बंद कर, त्यावर किडे येतात. मुलीचे बूट उंचावर टांग. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. आणि हे करताना हातात जाड मोजे.

भिंगरी
काका, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, मग त्याला आडोसा कशाला लागतो?

बांधावरचा
अगं, ते बिऱ्हाड मादीचं. पिल्लं जन्मली की पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच बसतात. त्या दिवसांत तिला आडोसा सगळ्यात जास्त लागतो.

रानवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलगी बरी आहे, मीही आता रात्री एकदाच उठते. तीन आठवड्यांनी परत आलेय, कारण थोडी मोजणी जमली.

काकांनी सांगितलेलं सगळं केलं. पण त्याआधी दोन आठवडे मागच्या भिंतीच्या अर्ध्या लांबीच्या पायथ्याला बाहेरून बाटलीतलं तेल लावलं, अर्धी तशीच ठेवली. (आमच्याकडे मांजर नाही, बाटली कुलपात आहे.) एका आठवड्याने बाजू बदलल्या. रोज रात्री टॉर्चने मोजलं. दोन्ही आठवड्यांत तेल लावल्याच्या पहिल्या रात्री तेलाच्या बाजूला एकही नाही, कोऱ्या बाजूला एकदा तीन, एकदा दोन. तिसऱ्या रात्रीपासून दोन्हीकडे सारखेच. संख्या फारच थोडी आहे, मला कळतंय.

तिसऱ्या आठवड्यात लाकडं हलवली, फट बुजवली, दिवा बंद केला. भिंतीवर सगळ्या मिळून दोनदाच विंचू दिसला, घरात एकदाही नाही.

कणकण, एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहून राहून मनात आहे. तेलाच्या दुसऱ्या रात्री एक विंचू कडेपर्यंत आला, थबकला, अंग चांगलं उंच उचललं आणि काही वेळ तसाच उभा राहिला. मग तसाच उंचावरून, टाचांवर चालावं तसा, तेलाचा पट्टा ओलांडून पलीकडे गेला. मागे फिरला नाही.

कणकण
ताई, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. त्याने बहुधा कंगवे वर ओढून घेतले. म्हणजे तेल जाणवलं, टेकवावंसं वाटलं नाही, पण जायचं तिकडे तो गेलाच. माझ्या पेटीत मी फक्त विंचू कुठल्या बाजूला किती वेळ बसला एवढंच मोजलं होतं. कंगवे वर की खाली हे एकदाही पाहिलं नाही.

अतिनील टॉर्च खाली ठेवून, जमिनीच्या पातळीवरून फोनने चित्रण जमेल का? अंतर राखून, बूट घालून. कंगवे पोटाखाली असल्याने कॅमेरा जितका खाली तितकं बरं.

रानवाट
जमवते. अमावास्या परवा आहे.